टायमिंग बेल्ट बदलताना सोबत काय काय बदलावं? (डस्टर डिझेल, २०१४)

दारव्हा_कापूसपट्टा

राम राम मंडळी.

दिवाळीनंतर २०१४ ची डस्टर डिझेल घेतली, ८५ पीएसवाली. मीटरवर ९२ हजार आहेत. टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व-पिस्टनचा मेळ ठेवणारा दातेरी पट्टा) कधी बदलला याची एकही पावती नाही. आधीच्या मालकाला फोन केला, तर "बदलला असंल" एवढंच म्हणाला. त्यामुळे तो बदललेलाच नाही असं मी धरून चाललो आहे.

तालुक्यातला माझा मिस्त्री म्हणतो, नुसता बेल्ट टाकू, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. नागपूरच्या एका गॅरेजवाल्यानं फोनवर लांब यादी सांगितली: बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप, कूलंट, बाहेरचा बेल्ट (अल्टरनेटर-एसीचा), दोन ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या), थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा भाग), इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर). खर्च जवळपास तिप्पट.

आईला दर महिन्याला सेवाग्रामला न्यावं लागतं. परत येताना बहुतेक वेळा रात्र होते, आणि यवतमाळ ओलांडल्यावर रस्त्यावर मदत मिळणं कठीण. गाडी दगा देऊन चालणार नाही. दुसरीकडे बियाणं आणि खत पुढ्यात उभं आहे, विनाकारण पैसा घालायची सोय नाही. या यादीतलं खरंच काय लागतं आणि काय थांबू शकतं? पेरणीच्या आधी काम उरकायचं आहे.

वऱ्हाडी_स्टेअरिंग

भाऊ, पह्यले गाडी उभी करा अन् मग धागा काढा! १० वर्षांच्या वर झाली न गाडी. किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय होतेच. मॅन्युअलमधी किलोमीटर अन् वर्षं दोन्ही देलेले राह्यतात, जे आधी येईन ते धराचं.

पाना_हिंगणघाट

माझं गॅरेज आहे, डिझेल गाड्यांचंच काम जास्त असतं. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीत के९के इंजिन आहे. हेच १.५ लिटरचं इंजिन टेरानो, लोगान आणि व्हेरिटोच्या डिझेलमध्येही आलं, त्यामुळे सुटे भाग मिळायला अडचण नाही. या इंजिनात टायमिंग बेल्ट फक्त कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) फिरवत नाही. डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप, दोन्ही त्याच बेल्टवर आहेत. म्हणजे वॉटर पंपाचं बेअरिंग जाम झालं की बेल्टचे दात उडतात किंवा बेल्ट पुलीवरून उतरतो. बेल्ट कालच नवा टाकलेला असला तरी. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे पिस्टन वर आल्यावर आणि व्हॉल्व उघडा असल्यावर दोघांत जागाच उरत नाही. बेल्ट सुटला की व्हॉल्व वाकले म्हणूनच समजा. मग हेड उतरवा, व्हॉल्व टाका, गॅस्केट टाका, पिस्टनवर मार बसला का बघा. त्या खर्चापुढे नागपूरची यादी काहीच नाही.

म्हणून वॉटर पंप बदलाच. आत्ता तो गळत नसला तरी बदला. पंपापर्यंत पोचायला जेवढं उघडावं लागतं तेवढं सगळं बेल्टसाठी उघडलेलंच असतं. सहा महिन्यांनी पंप गळायला लागला तर तीच मजुरी पुन्हा द्याल, आणि कूलंटनं भिजलेला बेल्टही पुन्हा टाकावा लागेल.

टेन्शनर तर विचारूच नका. त्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस आपल्या मे महिन्याच्या ४५-४६ अंशात आणि बॉनेटखालच्या उष्णतेत सुकत जातं. जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट म्हणजे मोडक्या चाकाच्या बंडीला नवी बैलजोडी जुंपणं.

तूरबाजार_कारंजा

मिस्त्रीभाऊंचा मान ठेवून बोलतो. गॅरेजवाले दरवेळी "उघडलंच आहे तर" म्हणतात, अन् यादी वाढत जाते. आमच्याकडं इनोव्हा होती, जुनी अडीच लिटरची. बेल्ट बदलला, टेन्शनर बदलला, पंपाला हात लावला नाही. पुढं कित्येक वर्षं गाडी चालली, विकली तेव्हाही पंप पह्यलाच होता. प्रत्येक गाडीत पंप बदलाच म्हणणं पटत नाही.

पाना_हिंगणघाट

@तूरबाजार_कारंजा तुमचंही बरोबरच आहे. त्या इनोव्हात पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, पंख्याच्या कपलिंगसोबत. टायमिंग बेल्टशी त्याचा संबंध नाही. तो नंतर खराब झाला तर टायमिंग न उघडता बदलता येतो, आणि जाम झाला तरी व्हॉल्व वाकत नाहीत. तिथे पंप चांगला असेल तर मीही ठेवा म्हणून सांगतो.

म्हणून आधी विचारायचं, माझ्या इंजिनात टायमिंग बेल्ट काय काय फिरवतो? के९के, पोलो-व्हेंटोची टीडीआय, फिगोची १.४ टीडीसीआय, या डिझेल इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर. तिथे पंप बेल्टसोबतच.

वऱ्हाडी_स्टेअरिंग

इनोव्हाची येक गोठ लय चांगली होती. डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागे ठरलेले किलोमीटर झाले का. मालक विसरला तरी गाडी विसरे नाई. आता नव्या क्रिस्टाले बेल्टच्या जागी चेन देली, दिवाच गेला.

माई_मेहकर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, चालेल ना? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रोज अल्टो ८०० नं जाते-येते, रस्ता अर्धा कच्चा. मला आजवर वाटत होतं की छोट्या गाड्यांना चेनच असते. अल्टोला बेल्ट आहे का? असेल तर तिथेही एवढं सगळं करावं लागेल का?

पाना_हिंगणघाट

ताई, अल्टो ८०० ला बेल्टच आहे. जुनी मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, सगळ्या बेल्टवाल्या. के१० आणि के सिरीजच्या वॅगनआरला चेन. स्विफ्ट-डिझायर डिझेललाही चेन. तुमच्या गाडीत बेल्ट आणि टेन्शनर टाका, अल्टरनेटरचा बेल्ट नवा घ्या, पंपाच्या खाली डाग किंवा पुलीला हेलकावा आहे का तेवढं बघायला सांगा. खर्च डिझेलच्या मानानं बराच कमी येतो. कच्च्या रस्त्याची धूळ आहे, तेव्हा टायमिंगच्या प्लॅस्टिक कव्हरचे सगळे बोल्ट परत बसवून घ्या. पुष्कळ गाड्यांत मला दोन-दोन बोल्टच नसलेले दिसतात. त्या फटीतून माती आत जाते, बेल्टच्या दातांत बसते आणि बेल्ट कातरते.

माई_मेहकर

धन्यवाद भाऊ. हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

खारपाण_दर्यापूर

कूलंटबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आमचा भाग पूर्णेचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. तरीही रेडिएटरची पातळी कमी झाली की लोक तेच पाणी ओततात. आत क्षार बसतो, पंपाचं सील घासतं, पंपातल्या पंख्याची पाती गंजतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. वॉटर पंप "मध्येच गेला" म्हणणाऱ्या कित्येकांच्या रेडिएटरचं झाकण उघडून बघा, लालसर गाळ दिसेल.

तेव्हा नवा पंप टाकणार असाल तर आधी सिस्टीम साफ धुऊन घ्या. त्यानंतर तयार मिसळलेला कूलंट घाला, किंवा कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. बॅटरीचं पाणी विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. वेगवेगळ्या रंगांचे कूलंट एकत्र ओतू नका. कंपनीनं जो प्रकार सांगितला तोच घ्या. गाडीत एक बाटली ठेवा म्हणजे रस्त्यात कुणाच्या विहिरीवर जायची वेळ येणार नाही.

थर्मोस्टॅटचंही सांगतो. कूलंट उतरवलेलाच असतो, भाग महाग नाही, आणि खारं पाणी प्यायलेल्या गाडीत तो अर्धवट अडकलेला सापडतो. माझ्या मते टाकून घ्यावा.

दारव्हा_कापूसपट्टा

@खारपाण_दर्यापूर तुमचं वाचून लगेच जाऊन बघितलं. बाटलीत हिरवं-पिवळं काहीतरी आहे, तळाशी गढूळ. आधीच्या मालकानं काय घातलं देव जाणे.

पाना_हिंगणघाट

मग धुवायचंच. आणि पंपाबद्दल शंकाच उरली नाही.

ऑरेंजसिटी_डिझेल

ऑइल सीलवर माझं मत वेगळं आहे. कॅमशाफ्टचं आणि क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं सील जर कोरडं असेल, कव्हरच्या आत तेलाचा ओलावा नसेल, तर हात लावू नका. जुनं सील काढताना शाफ्टवर स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा पडला की नवं सीलही गळणार. मी स्वतः असं एका गाडीत होताना पाहिलं आहे, नव्या सीलनंतर गळती सुरू झाली. चांगलं चाललेलं उकरू नये.

पाना_हिंगणघाट

इथे मी तुमच्याशी अर्धाच सहमत. ओरखडा पडतो तो माणसाच्या हातामुळे, सीलमुळे नाही. सील ओढायची हत्यारं असतात. क्रँकची पुली, गिअर सगळं बाहेर आल्यावर सील समोर उघडं असतं. १० वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. आज कोरडं असेल, पण एकदा तेल पाझरायला लागलं की सरळ टायमिंग बेल्टवर. रबर तेलात फुगतं, दात सैल होतात.

तरी एक मानतो. जिथे काम करणाऱ्याला सीलची सवय नाही, तिथे कोरडं सील तसंच ठेवणं बरं. जो करणार आहे त्याला विचारा, "याआधी या इंजिनाची सीलं बसवली का?" तो गडबडला तर सोडून द्या.

ऑरेंजसिटी_डिझेल

हे मान्य.

शकुंतलेचा_प्रवासी

दारव्हा म्हटलं की मला शकुंतला आठवते. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अरुंद रुळांची गाडी, दारव्ह्याला थांबायची. आजोबा कापसाच्या दिवसांत तिनं जायचे. ती बंद पडली तेव्हापासून त्या पट्ट्यात स्वतःची गाडी ही गरज झाली. आईला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की एसटी नाहीतर आपली गाडी. म्हणून या धाग्यातलं प्रत्येक वाक्य महत्त्वाचं वाटतं.

वऱ्हाडी_स्टेअरिंग

शकुंतलेले टायमिंगच नव्हतं, बेल्ट कायचा! 😄 पण खरं सांगतो, तिच्यावानी गाडी परत व्हाले पाह्यजे.

दारव्हा_कापूसपट्टा

दादा, आमच्या घरातही तिच्याच गोष्टी निघतात. ब्रॉडगेजची मागणी आमच्या जन्मापासून ऐकतो आहे.

विषयावर येतो. बाहेरचा बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर-एसीचा, अजून चांगला दिसतो, तडे नाहीत. तोही टाकू?

पाना_हिंगणघाट

हो, नक्की टाका. रेनॉच्या कामाच्या पद्धतीत हा बेल्ट एकदा काढला की नवाच बसवायचा असतो. त्यामागे कारण आहे. बाहेरचा बेल्ट फाटला तर त्याच्या दोऱ्या क्रँकच्या पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढल्या जातात. त्या टायमिंग बेल्टखाली गुंडाळल्या की टायमिंग बेल्ट उडी मारतो. अशी इंजिनं माझ्याकडे आली आहेत, टायमिंग बेल्ट धडधाकट आणि व्हॉल्व वाकलेले. बाहेरच्या बेल्टचा टेन्शनर हातानं फिरवून बघा. खरखर किंवा हेलकावा असेल तर तोही नवा.

क्रँक पुलीचा बोल्टही नवा. तो आधी टॉर्कनं (मोजलेल्या जोरानं) आणि नंतर अंश मोजून आवळतात, त्यात तो ताणला जातो. जुना बोल्ट परत ताणायचा नसतो. दिसायला क्षुल्लक, पण तो सैल झाला तर सगळं गेलं.

फाउंडेशनचं असं की बेल्ट काढायला उजव्या बाजूचं फाउंडेशन सोडावंच लागतं, खाली जॅक लावून. रबर फाटलेलं असेल, गाडी उभी असताना कंप जास्त येत असेल, तर तेव्हाच बदला, मजुरी वाचते. चांगलं असेल तर परत बसवा. नागपूरच्या यादीतून हे एक वगळता येईल.

तूरबाजार_कारंजा

मिस्त्रीभाऊ, इनोव्हाचं उत्तर मिळालं म्हणून आता तुमची बाजू घेतो. पण शेतकऱ्याच्या हातात एकदम एवढा पैसा नसतो, मे महिन्यात तर नसतोच. थोडं थोडं करायचं असेल तर क्रम काय?

पाना_हिंगणघाट

हा प्रश्न योग्य. के९के पुरतं सांगतो. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कूलंट, बाहेरचा बेल्ट आणि क्रँकचा बोल्ट, यातलं काहीही वगळू नका. एवढ्याला पैसे नसतील तर काम महिनाभर पुढे ढकला आणि गाडी कमी चालवा, पण अर्धं काम करू नका. सीलं, थर्मोस्टॅट, फाउंडेशन ही बघून ठरवायची. पैसा वाचवायचाच तर दुकानाच्या दरात वाचवा. किट आणि पंप एकत्र मिळतो, सुट्यापेक्षा स्वस्त पडतो.

ऑरेंजसिटी_डिझेल

किटबद्दल एक. गेट्स, कॉन्टिटेक, डेको, आयएनए, एसकेएफ यांच्या नावांची बनावट खोकी बाजारात फिरतात. अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या बिलावर घ्या. बेल्टवर छापलेला उत्पादनाचा काळ बघा. वर्षानुवर्षं तापलेल्या गोदामात पडून असलेला "नवा" बेल्ट घेऊ नका. बेल्ट दुमडून, पिळून दाखवणाऱ्या दुकानदाराकडून तर मुळीच नको, आतल्या दोऱ्या तुटतात. मला नागपूरहून कोणासाठी पाठवायचं असलं की ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं टाकतो, यवतमाळला सकाळी पोचतं.

जंगलवाट_गोंदिया

इथे धानाचं कोठार घराला लागून आहे, त्यामुळे उंदीर. एकदा कव्हर उघडलं तर आत उंदरानं चिंध्या, पेंढा साठवलेला. बेल्टच्या कडा कुरतडलेल्या. वर्षातून एकदा वरचं कव्हर काढून टॉर्चनं बघायला हरकत नाही. आणि गाडी कोठाराशेजारी लावू नका.

माई_मेहकर

आमच्याकडे हरभऱ्याच्या पोत्यांजवळ लावतो. आजच जागा बदलते.

दादा, एक सुचवू का? काम झालं की तारीख आणि मीटरचं वाचन एका स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा. तुम्हाला आधीच्या मालकामुळे जो त्रास झाला तो पुढच्या मालकाला होणार नाही.

शेतरस्ता_वणी

आम्ही कोळशाच्या पट्ट्यातले. काळी धूळ सगळीकडं. मिस्त्रीभाऊंनी कव्हरचं सांगितलं ते सोळा आणे खरं. चेनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. चेनचा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, तेल वेळेवर बदललं नाही तर चेन सैल होऊन खडखडते. सकाळी स्टार्ट करताना आवाज आला की लगेच दाखवा.

दारव्हा_कापूसपट्टा

मंडळी, मोठा आधार झाला. आज तालुक्यातल्या मिस्त्रीशी बोललो. तो चिडला नाही. उलट म्हणाला, पंप बेल्टवर आहे हे मला माहीत आहे, पण गिऱ्हाईक खर्चाला नाही म्हणतं म्हणून मी आधी स्वस्तातलं सांगतो. मी म्हणालो, पूर्ण करायचं. त्यावर तो म्हणाला, माझ्याकडं लॉकिंग पिना नाहीत, व्हाइटनरनं खुणा करून करीन. हे चालेल का?

पाना_हिंगणघाट

प्रामाणिक मिस्त्री आहे, त्याला सोडू नका. पण व्हाइटनर चालणार नाही. खुणा म्हणजे जुना बेल्ट जिथे आहे तिथेच नवा बसवणं. जुना एक दात चुकलेला असेल तर नवाही चुकलेलाच बसेल. पिनेनं क्रँक आणि कॅम दोन्ही जागेवर धरले जातात, शंका राहत नाही.

बसवून झाल्यावर इंजिन पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं, नेहमीच्या दिशेनंच. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, म्हणून दोन. मग पिना परत घालून बघायच्या. दोन्ही बसल्या तरच स्टार्टर मारायचा. फिरवताना कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. पिना लावलेल्या असताना त्यांच्या जोरावर पुलीचा बोल्ट आवळायचा नाही, पिन वाकते.

दारव्हा_कापूसपट्टा

यवतमाळला एकाकडे पिनांचा सेट आणि टॉर्क पाना दोन्ही आहेत असं कळलं. तिथे करतो. आमचा मिस्त्री म्हणतो, मीही येतो, बघून घेतो, पुढच्या वेळी इथेच करू. किट, पंप आणि बोल्ट नागपूरहून पार्सलनं मागवले. सीलं कोरडी दिसली तर ठेवणार, थर्मोस्टॅट टाकणार, फाउंडेशन उघडल्यावर बघणार.

पाना_हिंगणघाट

उत्तम. गाडी आदल्या रात्रीच तिथे लावून ठेवा, बेल्टला ताण थंड इंजिनावर द्यायचा असतो. दुपारच्या उन्हात चालवत नेऊन लगेच उघडायला लावू नका. नवा पंप बसला की कूलंट भरताना हवा नीट काढून घ्या आणि हीटर सुरू ठेवून पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी पातळी बघा.

तूरबाजार_कारंजा

पिनांचा सेट मिळतो कुठं? आमच्या गावच्या पोराले घेऊन देऊ म्हणतो, शिकलेला आहे, हात चांगला आहे.

पाना_हिंगणघाट

ऑनलाइन मिळतो, नागपूरच्या हत्यारांच्या दुकानातही. घेताना गाडीचं नाव नाही, इंजिनाचा कोड सांगा: के९के. पोलोचा सेट याला बसत नाही. सोबत टॉर्क पाना आणि अंश मोजायची चकती घ्या, ती नसेल तर क्रँकचा बोल्ट अंदाजानं आवळला जाईल. पोराला माझ्याकडे पाठवायचं असेल तर पाठवा, एखादी के९के उघडेन तेव्हा फोन करतो.